भारतात ब्लॉक केलेला फोन जर्मनीत चालेल का? नाहीतर १५ हजारांत नवा सुचवा

पोपटी_छत्री
नमस्कार मंडळी, जरा घाईतला प्रश्न आहे.

एप्रिलपासून आखनला (जर्मनी) मास्टर्ससाठी जातेय. मध्यंतरी कोल्हापुरात फोन रिक्षात राहिला. लावून बघितला तर बंद. पोलिसांत तक्रार दिली, डुप्लिकेट सिम काढलं आणि संचार साथी या सरकारी सेवेच्या सीईआयआर पोर्टलवर (हरवलेले फोन नेटवर्कवर बंद करायची जागा) फोन ब्लॉक करून टाकला. नंतर रिक्षावाल्या मामांनी तो स्वतःहून चौकीत आणून दिला (भलं होवो त्यांचं). आता फोन हातात आहे, अनब्लॉकचा अर्जही भरलाय, पण सिम टाकलं की नेटवर्क शून्य. वायफायवर सगळं झकास चालतं.

१) जायच्या आधी अनब्लॉक झाला नाही, तर तिकडचं सिम यात चालेल का?
२) नाही चालणार म्हणत असाल तर १५ हजारांच्या आतला फोन सुचवा.

फोन सॅमसंगचा आहे, मधल्या किमतीचा, दोनेक वर्षं जुना, स्क्रीनला ओरखडा नाही. कृपया बजेट लक्षात घ्या. पैसे बाबांचे आहेत आणि बाबा हा धागा वाचणार आहेत.

सह्याद्रीचा_वारा
सरळ आयफोन घे. ६५ पर्यंत गेलीस तर मस्त येतो. परदेशात जाताय, रोजचा फोन आहे, तिथे काटकसर नको. माझा तेरा अजून लोण्यासारखा चालतो, बॅटरी सोडली तर.

पोपटी_छत्री
१५ म्हटलं होतं हो दादा.

सह्याद्रीचा_वारा
हप्त्यावर घे ना मग.

न्यूजर्सीचा_नाना
चालणार नाही. अनुभवाचे बोल. मी पुतण्याला इथून फोन पाठवला होता, चकाचक, पेटीबंद. पुण्यात सिम टाकलं तर 'सिम नॉट सपोर्टेड'. शेवटी तो फोन आता त्याच्या घरी गाणी ऐकायला आहे. इथल्या कंपन्या पैसे पूर्ण फिटेपर्यंत लॉक उघडत नाहीत.

नाकासमोर
नाना, तुम्ही सांगताय ते कंपनीचं लॉक. हप्त्यावर घेतलेला फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेत नाही, तो प्रकार. पैसे फिटले, मुदत भरली, की कंपनीला सांगून तो उघडून घेता येतो; पुतण्याच्या फोनचंही विचारून बघा. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करूनच विकावा लागतो, ब्रिटनमध्येही लॉक केलेला फोन विकायला डिसेंबर २०२१ पासून बंदी आहे. ताईंच्या फोनला लॉक नाहीच. त्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काळ्या यादीत गेलाय. दोन्हींत गल्लत नको.

न्यूजर्सीचा_नाना
लॉक काय नि ब्लॉक काय, फोन चालत नाही ना? मग झालं.

मोदकप्रेमी
अगं, फोनचं राहू दे, व्हिसासाठीचं ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) झालं का? सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. आमच्या लेकाच्या वेळी रक्कम मध्येच वाढली आणि वरचे पैसे भरायला आम्ही नुसते धावत होतो. आणि थर्मल घेऊन जा, एप्रिलमध्येही हुडहुडी भरते. मेतकूट, भाजणी चेक-इनच्या बॅगेत.

पोपटी_छत्री
काकू, व्हिसा हातात आहे, ते सगळं झालं. फक्त फोन राहिलाय.

टॉवरवाला_काका
उभी हयात दूरसंचार खात्यात गेली म्हणून नीट सांगतो. बाकीच्यांनी जरा थांबा.

फोन सुरू झाला की समोरच्या नेटवर्कला तो आपला १५ अंकी आयएमईआय सांगतो. नेटवर्क हा आकडा स्वतःच्या यादीत ताडून बघतं, त्या यादीला ईआयआर म्हणतात. आपल्याकडे सगळ्या कंपन्यांच्या याद्या एका मध्यवर्ती यादीला जोडल्यात, ती सीईआयआर. सप्टेंबर २०१९ मध्ये हे आधी आपल्या महाराष्ट्रात प्रयोग म्हणून सुरू झालं, देशभर मे २०२३ मध्ये. तुझा आकडा त्या यादीत आहे, म्हणून इथे जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल, कुणीच तुला दारात उभं करणार नाही.

जर्मनीतली कंपनी तिची यादी बघणार. जीएसएमए या कंपन्यांच्या जागतिक संघटनेचीही एक सामाईक यादी असते. तिच्यात अनेक देशांतल्या कंपन्या चोरीचे आकडे टाकतात आणि इतरांनी टाकलेले उचलतात. पण सगळेच टाकत नाहीत आणि सगळेच उचलत नाहीत. त्यामुळे फोन तिकडे चालण्याची शक्यता चांगली आहे, पण लेखी हमी कुणी देणार नाही. आज चालला म्हणून सहा महिन्यांनी चालेल असंही नाही.

आणखी एक. रोमिंगवरचं भारतीय सिम तिकडे याच फोनमध्ये टाकलंस तरी तपासणी तिथल्या नेटवर्कची असते. सिम कुठलं यावर ते ठरत नाही, फोन कुणाच्या टॉवरवर आहे यावर ठरतं. उलट इथे सुट्टीला आलीस की विमानतळावर उतरल्या उतरल्या पुन्हा 'नो सर्व्हिस'.

कटिंग_मारके
काका म्हणाले ते बरोबर. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते.

गल्लीतला_गूगल
दोन सिमचा फोन असेल तर दोन आयएमईआय असतात. *#०६# दाबून बघ. एकच ब्लॉक झाला असेल तर दुसऱ्या खाचेत सिम टाक, काम फत्ते. नाहीतर मुंबईत एक ओळखीचा पोरगा आहे, आयएमईआयच बदलून देतो. हजार-बाराशेत नवा जन्म.

नाकासमोर
गूगलराव, हा सल्ला मागे घ्या. टेलिकॉम कायदा २०२३ खाली आयएमईआयशी छेडछाड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोरगी शिकायला चालली आहे, तिला कोर्टाच्या तारखांना बोलावणार का?

गल्लीतला_गूगल
मी फक्त सांगितलं असं होतं म्हणून. करा म्हटलं नाही.

पोपटी_छत्री
दोन्ही आयएमईआय मीच अर्जात भरले होते. बिलावर दोन्ही होते. दुसऱ्या खाचेतही नेटवर्क नाही.

तुर्की_रिटर्न
जर्मनी आहे ते नशीब समजा. मी कामानिमित्त इस्तंबूलला होतो. तिथे बाहेरून आणलेला फोन, अगदी स्वच्छ, बिलासकट असला, तरी तिथलं सिम टाकल्यावर १२० दिवस चालतो आणि मग बंद. चालू ठेवायचा तर पासपोर्टवर नोंदणी आणि जबर फी. त्या फीमध्ये आपल्याकडे नवा कोरा फोन येतो. शेवटी मी एका जुन्या हँडसेटवर हॉटस्पॉट लावून दिवस काढले. इंडोनेशियातही नोंदणीची भानगड आहे, पाकिस्तानातही. त्यामुळे 'ब्लॉक नाही म्हणजे चालणारच' असंही नसतं.

कटिंग_मारके
लंडनमध्ये चोरलेले फोन चीनला कसे जातात मग? २०२५ च्या ऑक्टोबरात तिथल्या पोलिसांनी एक टोळी पकडली. वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवल्याचा संशय होता. म्हणजे ब्लॉक फोन परदेशात चालतातच की! उगाच घाबरवू नका तिला.

टॉवरवाला_काका
तेच तर लिहिलं वर. चीनमधल्या अनेक कंपन्या ती जागतिक यादी वापरत नाहीत, म्हणून चोरांना तो बाजार सापडला. चीनमध्ये चालतो म्हणून जर्मनीतही चालेल, हे कुठलं गणित?

कटिंग_मारके
गणित नाही, उदाहरण दिलं.

सातारी_कंदी
माझा मुद्दा वेगळा. सरकारच्या यादीत आपला फोन घालायचाच कशाला? डिसेंबर २०२५ मध्ये तर प्रत्येक नव्या फोनमध्ये हे संचार साथीचं ॲप आधीच टाकून द्यायला निघाले होते. बोंबाबोंब झाल्यावर आदेश मागे घेतला.

मोदकप्रेमी
त्या पोर्टलमुळेच आमच्या शेजाऱ्यांचा फोन परत मिळाला हो. चोराने सिम टाकलं आणि पोलिसांना कळलं.

सातारी_कंदी
एकाचा मिळाला म्हणून...

नाकासमोर
राजकारण त्या दुसऱ्या धाग्यावर. तिथे आधीच चारशे प्रतिसाद आहेत, अजून चारशे मावतील.

ऱ्हाईनकाठी
उशिरा आले. मी कोलोनला असते, आखन तासाभरावर. फोनपेक्षा महत्त्वाचं सांगते.

अनब्लॉकच्या अर्जात ओटीपी भारतीय नंबरवर येतो. म्हणजे ही कटकट इथे येऊन निस्तरायची तर ते सिम चालू हवं, रोमिंग सुरू हवं, आणि तेही अशा फोनमध्ये ज्याला नेटवर्क मिळतंय. बँकेचे ओटीपीही त्यावरच. रोमिंग निघण्याआधी सुरू करून घे, इकडून ग्राहक सेवेशी बोलताना जीव जातो. रोमिंगवर एसएमएस घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत, पण चुकून फोन उचललास तर पडतात.

नवा फोन घ्यायचाच असेल तर इथे येऊन घे. दुकानातून घेतलेल्या नव्या वस्तूला इथे कायद्याने दोन वर्षांचं संरक्षण असतं. भारतात घेतलेल्या फोनची वॉरंटी इथे बहुधा उपयोगाची नाही. तिकडूनच सॅमसंग आणणार असशील तर निघण्याआधी त्यात भारतीय सिम घालून एकूण पाच मिनिटं तरी बोल. खोक्यावर तशी सूचना असते. नाहीतर इथलं सिम पहिल्यांदा टाकल्यावर तो प्रदेशाच्या नावाने अडून बसू शकतो.

आणि इथे ३जी २०२१ मध्येच बंद झालं. २जी आहे. ४जीवरून कॉल लागले नाहीत तर फोन २जीवर जातो, घाबरू नकोस. सिम घेताना पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर. वायफायवर चालणारा तुझा हा फोन त्याला पुरे.

सह्याद्रीचा_वारा
आयफोनला हे पाच मिनिटांचं नाटक नसतं. सांगून ठेवतो.

आजरा_घनसाळ
छत्रीताई, कोल्हापूरचा म्हणून सांगतो. नुसता पोर्टलवर अर्ज करून बसू नका. जिथे तक्रार दिली त्या ठाण्यात 'फोन मिळाला' असा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माझं तेच अडलं होतं. फोन सापडल्याचं पोलिसांकडे नोंदवायचं आणि मग अनब्लॉकचा फॉर्म, असा क्रम आहे. मी उलटं केलं आणि नुसता स्टेटस बघत बसलो. अर्ज दिल्यावर दोन दिवसांत नेटवर्क आलं. रिक्वेस्ट आयडी जपून ठेवा, तो हरवला तर सगळं पहिल्यापासून. काय स्थिती आहे ते बघायला इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर. दोन्ही आयएमईआयचे वेगवेगळे पाठवा. माझा एक सुटला होता आणि दुसरा अडकला होता.

कटिंग_मारके
मीही तेच म्हणणार होतो, पोलिसांत जा.

पोपटी_छत्री
आजरा_घनसाळ, खूप खूप आभार. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चौकीत फोन देताना वहीत सही घेतली, मला वाटलं तेवढंच असतं. उद्या सकाळी अर्ज घेऊन जाते.

न्यूजर्सीचा_नाना
तरी मी म्हणतो नवा घे. सापडलेल्या फोनचा भरवसा नाही. कुणी काय घालून ठेवलंय आत, कोण जाणे.

टॉवरवाला_काका
नाना, फोन बंद पडलेल्या अवस्थेत रिक्षाच्या सीटखाली होता. पेन्शनर माणसांनी इतकं संशयी असू नये. हवं तर रीसेट करेल ती.

पोपटी_छत्री
अपडेट. ठाण्यात अर्ज दिला, पोच मिळाली. साहेब चांगले होते, पण संबंधित हवालदार रजेवर, सोमवारनंतर या म्हणाले. माझं विमान रविवारी रात्री.

बाबांशी बोलून ठरवलंय: नवा फोन घ्यायचा नाही, इथेही नाही, तिकडेही नाही. हाच फोन घेऊन जाणार. भारतीय सिम बाबांच्या जुन्या बटणवाल्या नोकियात, तो फक्त ओटीपीपुरता. तो २जीचा आहे आणि माझं सिम एअरटेलचं, त्यामुळे त्यात चालतं. रोमिंगही आजच सुरू केलं. पोच आणि रिक्वेस्ट आयडी बाबांकडे. सोमवारनंतर ते ठाण्यात जातील, ओटीपी आला की मी तिकडून सांगेन. तिकडचं सिम यात चाललं तर उत्तम, नाही चाललं तर तोवर कॉलेजच्या वायफायवर.

सह्याद्रीचा_वारा
म्हणजे दोन फोन खिशात घेऊन युरोप फिरणार. शाब्बास.

ऱ्हाईनकाठी
मला पटलेलं नाही. पहिल्या आठवड्यात घर शोधताना, पत्त्याच्या नोंदणीला, बँकेत, सगळीकडे चालू नंबर लागतो. कॉलेजचं वायफाय रस्त्यावर नसतं. निदान माझा नंबर व्यनितून (खाजगी निरोपातून) घेऊन ठेव. आमच्याकडे एक जादा हँडसेट पडून आहे, अडलं तर येऊन घेऊन जा.

पोपटी_छत्री
व्यनि केलाय ताई. खरंच, मनापासून.

टॉवरवाला_काका
नोकियाची बॅटरी बघून घे, फुगलेली असेल तर विमानात नेऊ नकोस. चार्जर बारीक पिनचा आहे, तिकडे मिळायचा नाही. प्लग बदलायचं ॲडॉप्टरही लागेल.

मोदकप्रेमी
कोल्हापूरहून निघताय तर कांदा-लसूण मसाला किती किलो नेताय? आमच्या लेकाने अर्धाच नेला होता, दोन महिन्यांत संपला. आणि डबा प्लॅस्टिकचा नको, वास राहतो.

सातारी_कंदी
धागा हायजॅक करतोय, माफी. माझ्या बायकोने ऑनलाइन सेकंडहँड फोन घेतलाय. १४४२२ वर एसएमएस केला तर ब्लॅकलिस्टेड असं आलं. विकणारा फोन उचलत नाही. हा दुबईला मेव्हण्याकडे पाठवला तर चालेल का?

नाकासमोर
चोरीचा आहे तो. पाठवू नका कुठेही, बिल घेऊन पोलिसांत जा.

सातारी_कंदी
बिल नाहीये.