मदत हवी आहे: नवख्या भाचीला दगडखाणीतल्या वाटांवर माउंटन बाइक चालवायला न्यायचंय

नमस्कार मंडळी,

माझी भाची १९ वर्षांची आहे. डांबरी रस्त्यावर सायकल झकास चालवते, ४० किलोमीटर मारून आली तरी धाप लागत नाही. पण माउंटन बाइकला तिने गेल्या रविवारपर्यंत हात लावला नव्हता. मी सात-आठ वर्षं एका बंद पडलेल्या खाणीत चालवतोय. तळाला सपाट मुरमाड मैदान, तिथून वर जाणारा डंपरचा जुना रस्ता, आणि टाकाऊ डबराच्या ढिगांमधून आम्हीच पाडलेल्या वाटा. कुठे उघडा कातळ, कुठे मुठीएवढे सुटे दगड, तर कुठे कातळावर बारीक खडीचा पातळ थर. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. जागेच्या मालकाची रीतसर परवानगी आहे, तो प्रश्न नाही.

रविवारी तिला घेऊन गेलो आणि मी साफ माती खाल्ली.

तिला माझी जुनी सायकल दिली. पुढच्या चाकाला १२० मिमीपर्यंत दबणारा हवेचा फोर्क (धक्के शोषणारा दुहेरी दांडा), मागे सस्पेन्शन नाही, टायर २.२५ इंची, आत ट्यूब. पंक्चर नको म्हणून दोन्ही चाकांत ४० पीएसआय हवा ठासून भरली. सीट तिच्या रस्त्यावरच्या सवयीप्रमाणे उंच ठेवली. मग मी ज्या वाटेला 'सोपी' म्हणतो त्या वाटेने निघालो, मी पुढे, ती मागे. मध्ये चार-पाच मीटरचा उतरता कातळ आहे, आणि त्याच्या पायथ्याशी वीतभर उंचीची पायरी. मी उतरलो, वळून ओरडलो, "ब्रेक सोड आणि ये!" ती अर्ध्यावर आली, पायरी दिसली, आणि तिने पुढचा ब्रेक करकचून दाबला. मागचं चाक उचललं गेलं आणि ती हँडलवरून पलीकडे. कोपर खरचटलं, मनगट दुखावलं. मनगट डॉक्टरांना दाखवलं, हाड शाबूत आहे.

मला वाटलं, संपलं. तर घरी येताना म्हणते, "मामा, मनगट बरं झालं की परत जायचं. पण तू पुढे जायचं नाहीस."

तर जाणकारांनो, सायकलमध्ये काय बदलू? दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल कुणाकडून तरी मागून आणू का? सुरुवात खाणीत कुठून करायची? आणि मी पुढे जायचं नाही म्हणजे मागून जायचं का? वाट माहीत नसताना ती पुढे कशी जाणार?

ताईला अजून फक्त 'थोडं खरचटलं' एवढंच सांगितलंय, तेव्हा जरा लवकर उत्तरं द्या.

घसारा

हेल्मेट आपटलं का?

धागाकर्ता

हो, बाजूला एक ओरखडा आहे. बाकी ठणठणीत दिसतंय.

घसारा

मग ते आता शोभेचं समजा. आतला फोम दबला जाऊन धक्का शोषतो, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. वरून काहीही दिसत नसलं तरी आपटलेलं हेल्मेट बदलायचं. गुडघ्याचे पॅड आणि पूर्ण बोटांचे हातमोजेही घ्या. दगडावर माणूस पडताना आधी तळवे टेकतो.

आता सायकल. माझ्या मते तुमच्या भाचीला तिच्या भीतीने नाही, तुमच्या पंपाने पाडलं. ४० पीएसआयचं टायर दगडावर बसत नाही, चेंडूसारखं टप्पे खातं. तिचं वजन ५५-६० किलो धरलं तर ट्यूब असलेल्या २.२५ टायरला पुढे २४ ते २६ आणि मागे २६ ते २८ पासून सुरुवात करा. त्याहून फार खाली नको, कारण दगडाची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटली की शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. हवा भरून झाल्यावर चाक एखाद्या दगडाच्या कडेवर ठेवा आणि हँडलवर पूर्ण भार टाका. टायर दबलं पाहिजे, पण रिम दगडाला टेकता कामा नये.

दुसरं म्हणजे फोर्क. सायकल तुमची, तेव्हा फोर्कमधली हवाही तुमच्या वजनाची असणार. तुम्ही ८० किलोचे असाल तर तिच्याखाली तो काठीसारखा ताठ राहतो. तिला पेडलवर उभी करा आणि फोर्क नुसत्या वजनाने किती बसतो ते बघा. फोर्कच्या नळीवर रबराची रिंग असते, नसेल तर बारीक झिपटाय बांधा. १२० मिमीच्या फोर्कला २४ ते ३० मिमी बसणं ठीक. कमी बसला तर शॉकपंपाने (फोर्कमधल्या हवेसाठीचा छोटा पंप) थोडी थोडी हवा सोडा.

तिसरं, ब्रेकचे लिव्हर. हात लहान असेल तर ते हँडलच्या जवळ आणायचा स्क्रू असतो. एका बोटाने आरामात ओढता यायला हवेत. चार बोटांनी ब्रेक धरणारा माणूस घाबरला की चारही बोटं आवळतो, आणि मग तुमच्या कातळावर झालं तेच होतं.

दोन्हीकडे सस्पेन्शनवाली सायकल मागून आणायची गरज नाही. आहे तीच आधी माणसात आणा.

मागचा गिअर

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सीट राहिली. ती अपराधी क्रमांक एक. उतारावर उंच सीट ढुंगणाला मागून ढकलते, माणसाला खाली बसता येत नाही की मागे सरकता येत नाही. ड्रॉपर (चालवता चालवता बटणाने सीट खाली-वर करणारी दांडी) नसेल तर उताराआधी थांबून सीट हाताने खाली करा. चढाच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे परत वर करताना अंदाजपंचे नको.

सुरुवात त्या मुरमाड मैदानातच. पहिला अख्खा तास तिथे घालवा, कंटाळा आला तरी. पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, गुडघे सैल. पेडल समांतर नसतील तर खालचं पेडल दगडावर आपटतं आणि सायकल जागच्या जागी थांबते, तुम्ही थांबत नाही.

मग ब्रेक. जमिनीवर रेघ ओढा. रेघेपर्यंत वेगात या आणि आधी फक्त मागच्या ब्रेकने थांबा, नंतर फक्त पुढच्याने (हळूहळू दाबत, वजन मागे नेत), नंतर दोन्हींनी. थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेकच करतो, हे सांगून कळत नाही. मागच्याने चाक नुसतं घसरत जातं हे स्वतः बघावं लागतं. रस्त्यावर चालवणाऱ्यांना बहुतेक वेळा पुढच्याची धास्ती असते, आणि धास्ती असलेली गोष्ट माणूस ऐनवेळी एकदम दाबतो. तिला त्या ब्रेकशी मैत्री करू द्या.

पायरीचं गणित: वेग पायरीच्या आधी कमी करायचा. पुढचं चाक खाली जाताना पुढचा ब्रेक सोडलेला हवा. चाक गुंतलेलं असताना त्यावर ब्रेक असेल तर सायकल त्या चाकाभोवती फिरते. आधी फुटपाथएवढ्या पायरीवर वीस वेळा करा. डंपरच्या रस्त्याच्या कडेला अशी एखादी असेलच.

आणि नजर. दगडाकडे बघितलं की सायकल दगडावरच जाते. का ते मला विचारू नका, पण जाते. चार-पाच मीटर पुढे, जिथे जायचंय तिथे बघायचं.

डबरवाला

मी काही वर्षं खाणकामात होतो, त्यामुळे चालवण्याबद्दल बोलत नाही, जागेबद्दल बोलतो.

कड्याच्या वरच्या काठाजवळ सायकल नेऊ नका. सुरुंगाने खडक फक्त जिथे तुटलेला दिसतो तिथेच तुटत नाही, काठाच्या मागेही भेगा जातात. वरून गवत आलेलं असतं, म्हणून भक्कम वाटतं. तसंच कड्याच्या पायथ्याशी विसाव्याला बसू नका, विशेषतः पावसानंतर. पाणी भेगांत शिरलं की सुटे दगड निसटतात, त्याला आवाजाची पूर्वसूचना नसते.

डबराचे ढीग त्यांच्या नैसर्गिक उतारावर, म्हणजे साधारण ३५ ते ४० अंशांवर जेमतेम टेकलेले असतात. नवख्या माणसाचा पाय वाटेबाहेर पडला की दगड चालायला लागतात. ढिगाच्या मधून वाट असेल तर खाली कुणी उभं राहू नये.

खाणीत पाणी साठलंय का? असेल तर त्याच्या बाजूची वाट पहिल्या दिवशी नकोच. खाणीच्या पाण्याला नदीसारखा उतरता काठ नसतो, पहिल्याच पावलाला तळ संपतो, पाणी खोल आणि थंड, आणि बाहेर येताना धरायला उभी भिंत. आणखी एक: खडी धुतलेल्या बारीक भुकटीचं तळं सुकलं की वरून सपाट मैदान दिसतं. सायकल फिरवायचा मोह होतो. पापुद्र्याखाली गाळ असतो.

चिखलपाय

अवांतर: वेल्समध्ये ब्लायनाय फेस्टिनियोगला स्लेटच्या खाणींच्या डोंगरावर सायकलच्या उतारवाटा बांधल्या आहेत. स्लेटच्या कडा धारदार असतात, टायरची बाजू फाडतात. तुमच्याकडचा दगड कुठला? चुनखडी असेल तर ओली झाल्यावर साबण होते. ग्रॅनाइटचा खडबडीत कातळ ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो.

सावकाश

मला माझ्या नवऱ्याने नेलं होतं, त्यामुळे तुमच्या भाचीच्या बाजूने बोलते.

तिचं वाक्य मला बरोबर समजलं. पुढचा माणूस सहज उतरून गेला की मागच्याला थांबायची सोय उरत नाही. तो खाली उभा राहून बघतोय, आता उतरलंच पाहिजे. शिवाय 'सोपं आहे' हे दोन शब्द. सोपं आहे म्हटल्यावर जमलं तर त्यात काय विशेष, आणि नाही जमलं तर मी बावळट! नवऱ्याला मी ते शब्द बोलायची बंदी घातली, तेव्हा कुठे मला मजा यायला लागली.

आधी सायकली खाली ठेवा आणि ती वाट दोघं पायी चालून या. कातळापाशी उभं राहून तिलाच विचारा की तू कुठून उतरशील. तिने कडेचा लांबचा मार्ग दाखवला तर तोच बरोबर. उतरून सायकल ढकलत नेणं हा पराभव नाही, तीही एक लाइन, म्हणजे उतरायचा एक मार्गच आहे.

आणि मागूनही चालवू नका. मागून कुणाच्या चाकाचा आवाज येत असला की माझं सगळं लक्ष तिकडेच जायचं. कठीण जागेच्या थोडं अलीकडे, बाजूला उभे राहा.

मागचा गिअर

सावकाशताई, अर्धं पटलं. पायी चालून येणं उत्तमच. पण हळू वेगात, पाच-सहा सायकलींचं अंतर ठेवून पुढे कुणी असेल तर चाक कुठून न्यायचं ते आपोआप कळतं. मी स्वतः तसाच शिकलो. मामा पुढे जाणं चूक नव्हतं, मामाचा वेग चूक होता.

सावकाश

तुम्ही तसे शिकलात कारण तुम्हाला तसं आवडतं. तिला काय आवडतं ते तिने सांगितलंय की!

घसारा

दोघांनी भांडू नका, त्याने भाचीला विचारावं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, कारण मनगट पूर्ण बरं व्हायला तीन आठवडे गेले. काल जाऊन आलो.

नवीन हेल्मेट घेतलं. हवा पुढे २५, मागे २७. फोर्क बघितला तर ती उभी राहिल्यावर जेमतेम १० मिमी बसत होता, हवा सोडून २६ वर आणला. सीट खाली. ब्रेकचे लिव्हर आत घेतले. हे सगळं करताना ती शेजारी उभी राहून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी तुझ्या मापाची सायकल चालवत होते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तासभर मैदानात रेघेवर ब्रेक मारले. पंधरा मिनिटांत तिचं पुढच्या ब्रेकचं थांबणं माझ्यापेक्षा सुबक व्हायला लागलं. मग वाट पायी चाललो. डबरवाल्यांचं वाचल्यापासून कड्याकडे बघायची माझी नजरच बदलली आहे. नेहमी पाणी प्यायला जिथे बसतो ती जागा बरोबर कड्याखाली निघाली, आता जागा बदलली. पाणी खाणीच्या दुसऱ्या टोकाला साठलंय, तिकडे गेलोच नाही. चिखलपाय, आमचा दगड काळा आणि खरखरीत आहे, आणि काल कोरडा होता.

कातळापाशी तिने बराच वेळ बघितलं आणि डाव्या अंगाची, पायरी टाळून जाणारी वाट निवडली. सात वर्षांत मला ती दिसली नव्हती. मी अलीकडे बाजूला उभा राहिलो. पहिल्यांदा ती सायकल हातात धरून उतरली, दुसऱ्यांदा चालवत. तिसऱ्यांदा डावीकडून वर येऊन पायरीकडे बघत थांबली, मान हलवली आणि "आज नाही" म्हणून परत फिरली. मी गप्प बसलो. अवघड होतं, पण बसलो.

आणि हो, शेवटी विचारलं तिला, मी पुढे का नको होतो. म्हणाली, "अरे, तुझ्या मागच्या चाकातून खडी उडत होती. दोन दगड नडगीवर बसले माझ्या."