मेंदूचा फोटो काढून उदासी दिसते का हो?

यावलचा_केळीवाला
सरळ विषयावर येतो. मागच्या महिन्यात आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, दोन मेंदूंचे रंगीत फोटो शेजारी शेजारी, एक लालपिवळा पेटलेला, दुसरा निळा विझलेला, आणि खाली लिहिलेलं की डिप्रेशनने मेंदू सुकतो, वेळेत स्कॅन करा, स्मृतिभ्रंश टाळा. आता आमचे आप्पा आई गेल्यापासून गप्पच आहेत, वय ७१, नावं विसरतात, मजुरांचा हिशोब दोनदा चुकला, मग काय, धाकट्याने फॉरवर्ड पाहिला आणि सोमवारी आप्पांना गाडीत घालून एमआरआयला नेलं. साडेसात हजार गेले. मशीन सुरू झालं की धडधड धडधड, आप्पा बाहेर आल्यावर म्हणे, हे तर कापसाच्या जिनिंगवानी वाजस. रिपोर्टमध्ये एकच ओळ कामाची, वयोमानाप्रमाणे मेंदूचं थोडं आकुंचन. घरात त्याचा अर्थ काय निघाला? आप्पांचा मेंदू सुकला. आत्याने तर रडायलाच सुरुवात केली.

तेव्हापासून मी रात्री बसून वाचू राहिलो. २०१५ मध्ये एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने १,७२८ नैराश्याचे रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं यांचे एमआरआय एकत्र करून पाहिले. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचं काम करणारा भाग, तो रुग्णांमध्ये लहान निघाला. किती लहान? सरासरी सव्वा टक्का! आपल्या भाषेत सांगतो, वीस किलोच्या घडात पाव किलोचा फरक. हजारो घड मोजले तर दोन बागांच्या सरासरीत हा फरक दिसेल, खरा आहे तो, पण एक घड हातात देऊन विचारा हा कोणत्या बागेचा, बाप जन्मात कोणी सांगू शकणार नाही. तरी लोकांना सांगू राहिले की स्कॅनमध्ये उदासी दिसते. माझं मत, संशोधनाला ठीक, पण नैराश्य ओळखायला स्कॅन म्हणजे पैशाची नासाडी.

भुसावळ_जंक्शन
अर्धवट वाचून धागा काढला भाऊ तुम्ही. आमच्या गल्लीत एक काका, मोटारसायकलवरून पडले, डोक्याला साधं टेंगूळ, दीड महिन्याने विसरायला लागले, चिडायला लागले, घरचे म्हणे म्हातारपण, कोणी म्हणे टेन्शन. स्कॅन केला तर कवटीच्या आत रक्ताची गुठळी. ऑपरेशन झालं, आता रोज स्टेशनला पेपर आणायला जातात. तुमचं ऐकलं असतं तर माणूस गेला असता. लोकांना स्कॅन करू नका सांगणं सोपं आहे.

यावलचा_केळीवाला
मी कुठे म्हटलं करू नका? गुठळी, गाठ, लकवा, पाणी साठणं, हे बघायला स्कॅन पाहिजेच. मी म्हणतो उदासी बघायला नको. दोन्ही गोष्टी एका पिशवीत भरू नका.

भुसावळ_जंक्शन
पण डॉक्टरला आधी कसं कळेल पिशवीत काय आहे? विसरू लागलेल्या माणसाचा स्कॅन काढतात तो "बाकी काही नाही ना" हे बघायलाच. तुमच्या आप्पांचं बाकी काही निघालं नाही, त्याचेच साडेसात हजार. त्याला नासाडी म्हणायचं काबर?

शेवभाजी_डबल_तर्री
बाकी काही निघालं नाही तरी पैसे द्यायचे, हे फक्त दवाखान्यात आणि गॅरेजमध्येच चालतं 😀

धुळ्याची_डॉक्टरीण
मी रेडिओलॉजी शिकते आहे म्हणून बोलते. भुसावळवाल्यांचा मुद्दा बरोबर. पण रंगीत फोटोंबद्दल केळीवाल्या दादांचंही बरोबर. ते लाल-पिवळे रंग मेंदूत नसतात, कॉम्प्युटर भरतो. २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी बाजारातून आणलेला सॅमन मासा, मेलेला, स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं या माणसाला काय वाटत असेल. माशाच्या मेंदूत ठिपका पेटला! कारण साधं आहे, मेंदूचे हजारो बारीक तुकडे करून प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेतली की नुसत्या योगायोगाने दोनचार पास होतातच, आकडेवारीत ती दुरुस्ती केली नाही तर मेलेला मासाही विचार करताना दिसतो. दुरुस्ती केली तर ठिपका गेला. त्याला २०१२ मध्ये इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. आणि २०२२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं की मेंदूची रचना आणि माणसाचं वागणं यांचा भरवशाचा संबंध काढायचा तर हजारो माणसं लागतात, वीसपंचवीसवाले अभ्यास टिकत नाहीत.

पण दादा, तुम्ही एक गोष्ट सोडून दिली. त्याच एनिग्माच्या अभ्यासात पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांमध्ये तो फरक दिसला नाही, वारंवार येणाऱ्यांमध्ये दिसला. म्हणजे सव्वा टक्का सगळ्यांची खिचडी आहे. हे कामाचं नाही का? पहिल्या वेळीच नीट उपचार घ्या, असं आम्ही कशाच्या जोरावर सांगतो मग?

शेवभाजी_डबल_तर्री
मेलेल्या माशाचं डोकं चाललं आणि आमच्या गावात निवडून आलेल्यांचं जिवंतपणी चालत नाही, त्यांना घाला कोणीतरी त्या मशीनमध्ये

यावलचा_केळीवाला
ताई मान्य, ते सोडलं मी. पण उलटंही असू शकतं ना? ज्यांचा हिप्पोकॅम्पस आधीपासून लहान, त्यांनाच परत परत नैराश्य येत असेल. एकदाच काढलेल्या फोटोवरून आधी काय झालं ते कसं कळणार. लंडनच्या सरकारी नोकरांचा तो अभ्यास आहे, व्हाइटहॉल, दहा हजारावर माणसं, २८ वर्षं मागे लागले होते. ज्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे तो स्मृतिभ्रंश, झाला त्यांच्यात उदासीची लक्षणं निदानाच्या साधारण ११ वर्षं आधीपासून वाढत गेली, पण त्याच्याही आधी, मध्यमवयात, बाकीच्यांपेक्षा फरक नव्हता. मंग उदासीने डिमेन्शिया झाला, का डिमेन्शियाचीच सुरुवात उदासीसारखी दिसली?

धुळ्याची_डॉक्टरीण
म्हातारपणी पहिल्यांदा आलेली उदासी वेगळी बघायची असते, हे खरं. पण तिथेही स्कॅनने एक मोठी गोष्ट दाखवली. अशा बऱ्याच जणांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपके दिसतात, बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याचे. बीपी, शुगर, तंबाखू. आपल्याकडे या तिन्हीची काय कमी आहे? १९९७ पासून याला रक्तवाहिन्यांमुळे येणारं नैराश्य असं धरून अभ्यास सुरू आहे. अशा रुग्णाला गोळी उशिरा लागू पडू शकते आणि बीपी धरून ठेवणं हाही उपचाराचाच भाग होतो. आणि २००५ मध्ये हेलन मेबर्ग बाईंनी स्कॅनमध्ये सतत तापलेला दिसणारा मेंदूचा एक छोटा भाग धरून तिथे हलकी वीज देणाऱ्या तारा घातल्या, सहा जण, कशानेच बरे न होणारे, त्यातल्या चौघांना बरं वाटलं. पुढच्या मोठ्या चाचणीत तसा निकाल आला नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्ही सांगणारच. पण ती जागा सापडली ती चित्रं काढूनच.

जिनिंगवाला_पोरगा
माझे बाबा तीस वर्षं जिनिंगमध्ये. आम्ही सगळे म्हणायचो विसरतात, विसरतात. खरं म्हणजे ऐकूच येत नव्हतं. न ऐकलेली गोष्ट लक्षात कशी राहील? लोकांत बसणं सोडलं, मग उदास. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत, त्यात नैराश्यही आहे आणि बहिरेपणही. कानाचं मशीन लावल्यावर घरच्यांना शिव्या देणं परत सुरू झालं त्यांचं. आप्पांचे कान तपासले का?

यावलचा_केळीवाला
कान नाही तपासले. दाखवतो. बी-१२ जीवनसत्त्व मात्र तपासलं, ते बरंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. आणि ते फॉरवर्डवाल्याने नाही सांगितलं, मनाच्या डॉक्टरने सांगितलं, त्याने स्कॅन बाजूला ठेवला आणि पाऊण तास नुसता बोलत बसला. कोरा कागद देऊन म्हणे घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आप्पांनी गोल काढला, बारा, तीन, सहा, नऊ जागेवर, आणि पेन ठेवून दिला. जाऊ द्या साहेब, नही येत माले. डॉक्टर म्हणे मला घाई नाही, बसा. दोनचार मिनिटं खिडकीतून बाहेर पाहिलं, मग पेन घेतला आणि दोन्ही काटे बरोबर. बाहेर डॉक्टर मला म्हणे, डिमेन्शियावाला बरेचदा काहीतरी ठोकून देतो, उदास माणूस "नाही येत" म्हणून सोडून देतो, पक्कं नाही पण खूण आहे, गोळी सुरू करू आणि तीन महिन्यांनी परत घड्याळ काढू. त्याची फी किती? पाचशे. आता सांगा कुठे जास्त दिसलं.

भुसावळ_जंक्शन
छान झालं, पण हा डॉक्टर सगळ्यांच्या नशिबी नसतो भाऊ. नंदुरबारकडे डोंगरातल्या पाड्यावर मनाचा डॉक्टर कुठून आणणार? १४४१६ ला फोन लावता येतो, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, पण तिथे घड्याळ कोण काढून घेणार. आणि दुसरं सांगतो. आमच्या वहिनीला बाळंतपणानंतर त्रास झाला तेव्हा घरात सगळे म्हणायचे नाटकं करते, माझी माय तर भगताकडे न्यायला निघाली होती. डॉक्टरांनी भिंतीवरचं मेंदूचं चित्र दाखवून समजावलं, त्या दिवसापासून मायने टोमणा मारला नाही. चित्र खोटं असेल, ढोबळ असेल, तुमचा पाव किलो असेल. घरात शांतता त्यानेच आली.

यावलचा_केळीवाला
म्हणजे चुकीच्या कारणाने का होईना पण बाईला नीट वागवलं, असंच ना? मला ते पटत नाही. उद्या तिचा स्कॅन काढला आणि नॉर्मल आला (येणारच), की हीच मंडळी म्हणतील बघा, मशीनमध्ये काहीच नाही, नाटकंच होती.

भुसावळ_जंक्शन
तेव्हाचं तेव्हा बघू. त्या दिवशी तिला जेवण गेलं.

धुळ्याची_डॉक्टरीण
दादा, राग आला असला तरी ती फिल्म आणि सीडी फेकू नका. वर्षा-दोन वर्षांनी परत काढायची वेळ आली तर जुनी शेजारी ठेवून बघता येते, एका फोटोपेक्षा दोन फोटोंमधला फरक जास्त बोलतो.

यावलचा_केळीवाला
फेकायला हातात तर यायला पाहिजे ताई. आप्पांनी गादीखाली ठेवली आहे. कोणी भेटायला आलं की काढतात, खिडकीकडे धरतात आणि सांगतात, हाई मनं डोकं शे, देख.