आईबाबांना उएनोचं म्युझियम दाखवायचंय, एका दिवसात होतं का?

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येतायत, तीन आठवडे राहतील. असाकुसा, कामाकुरा, फुजी वगैरे सगळं ठरलंय, पण काल फोनवर बाबा म्हणाले की मला तिथलं ते मोठं म्युझियम बघायचंय, बाकी काही राहिलं तरी चालेल. म्हणजे इथे तोक्योत उएनोला आहे ते तोक्यो नॅशनल म्युझियम. मी बाहेरून शंभर वेळा गेलोय पण आत कधीच नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत, शाळेत संस्कृत शिकवायचे, त्यांना बघायला वेळ लागतो. आईचे गुडघे दुखतात. एका दिवसात होतं का? आणि त्यांना त्यातलं कळेल असं काय आहे, की नुसतीच तलवारी आणि किमोनो? कोणी घरच्या मोठ्यांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

निशी-कासाई

*

अरे, जरूर ने!

मी बावीस वर्षं इथे आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी जाते, सासूबाईंनाही दोनदा नेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे एका दिवसात सगळं होत नाही आणि करायचंही नाही. संग्रहात सव्वा लाखाच्या आसपास वस्तू आहेत, त्यातल्या एका वेळी साधारण तीन हजार मांडलेल्या असतात, तेवढ्याही बघायला गेलास तर दुपारपर्यंत सगळ्यांचे पाय जातील. १८७२ साली युशिमाच्या कन्फ्यूशियसच्या देवळात एक प्रदर्शन भरलं होतं, तिथून हे म्युझियम सुरू झालं, उएनोत १८८२ मध्ये आलं. आताची मधली मोठी इमारत, होनकान, ती १९३८ ची. आधीची १९२३ च्या भूकंपात गेली.

आवारात वेगवेगळ्या इमारती आहेत हे आधी डोक्यात ठेव, नाहीतर लोक होनकान बघून बाहेर पडतात आणि म्हणतात झालं म्युझियम. गेटातून आत गेलास की समोर होनकान (जपानी कला), उजवीकडे तोयोकान, म्हणजे बाकीचा आशिया, मागच्या बाजूला हेइसेइकान, तिथे खणून काढलेल्या जुन्या वस्तू, आणि डावीकडे आत पाण्यापलीकडे एक शांत इमारत, होर्युजी देवळाच्या खजिन्याची. तुझ्या बाबांसाठी मी म्हणेन तोयोकान आणि होर्युजी. तोयोकानमध्ये गांधारचे बुद्ध आहेत, राखाडी दगडातले, अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या ग्रीक पुतळ्यासारख्या. आणि तळघरात कंबोडियाच्या दगडी मूर्ती आहेत, त्यात एक गणपती बसलेला आहे, आठशे वर्षांपूर्वीचा. सासूबाईंनी तिथे चपला काढायला घेतल्या होत्या, मीच थांबवलं. त्याच तळघरात आपल्याकडचं कापड आणि छोटी चित्रंही असतात, पण ती बदलत राहतात.

हो, ते बदलण्याचं लक्षात ठेव. कागद, रेशीम, लाख या वस्तू उजेडाने खराब होतात म्हणून काही आठवड्यांनी त्या आत जातात आणि दुसऱ्या बाहेर येतात. खोल्याही अंधाऱ्या असतात. त्यामुळे चित्रकार हासेगावा तोहाकूचा पाइन झाडांचा पडदा बघायचाच असं ठरवून गेलास आणि तो आत ठेवलेला असला तर हिरमोड होईल. वेबसाइटवर त्या दिवशी काय मांडलंय ते बघून जा.

व्यवहाराचं: तिकीट मोठ्यांना १००० येन, पण ७० च्या वरच्यांना कायमचं प्रदर्शन फुकट, बाबांचा पासपोर्ट बरोबर ठेव, आईचं वय बसत असेल तर तिचाही. सोमवारी बंद असतं. तोझाइ लाइनने निहोनबाशीला उतरून गिन्झा लाइन घे, उएनो. जेवण डब्यातून ने आणि आधी बागेत बाकावर खाऊनच आत जा, शाकाहारी म्हणून आयत्या वेळी शोधत बसशील तर अर्धा तास जाईल.

निशी-कासाईची ताई

*

ताईंनी सगळं छान लिहिलंय, मी फक्त एका बाबतीत वेगळं म्हणतो. आपली माणसं तिथे गेली की "हे आपलं, तेही आपलंच" एवढंच बघत फिरतात आणि जपान्यांनी त्याचं काय केलं ते बघायचं राहून जातं. म्हणून आधी तास-दीड तास होनकान बघा. ओगाता कोरिन या जुन्या कलाकाराची दौतीची पेटी मांडलेली असेल तर तिच्यासमोर पाच मिनिटं थांबा, काळ्या लाखेवर सोन्याची आयरिसची पानं, आणि त्यातून शिशाचा पूल गेलाय. शिसं! एवढ्या महागड्या वस्तूवर इतका साधा धातू, आणि तोच सगळ्यात जास्त उठून दिसतो. शिवाय हेइसेइकानमधला चिलखतातला मातीचा सैनिक, सहाव्या शतकातला, गुन्मा प्रांतात सापडलेला, दोरीची एकेक गाठ मातीत करून दाखवलीय. हे बघून मग तोयोकानला गेलात तर गांधारचा बुद्ध वेगळाच दिसतो, किती लांब चालून आला ते कळतं.

आता बाबा संस्कृतचे शिक्षक म्हणालास म्हणून मुद्दाम लिहितोय. होर्युजीच्या खजिन्यात ताडपत्रांवर लिहिलेलं प्रज्ञापारमिताहृदय हे बौद्ध सूत्र आहे, सिद्धम् या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीत, आणि शेवटी चक्क बाराखडीसारखी अक्षरमाला लिहिलेली आहे. या सूत्राच्या संस्कृतमधल्या अगदी जुन्या टिकून राहिलेल्या पोथ्यांपैकी ती एक. ती नेहमी बाहेर नसते, जपून ठेवलेली असते, पण ती त्याच आवारात आहे एवढं बाबांना सांग. होर्युजी देवळाने १८७८ मध्ये तीनशेच्या वर वस्तू राजघराण्याला दिल्या, त्यांच्यासाठी ही इमारत बांधली, आताची १९९९ ची, वास्तुकार तानिगुची योशिओची. तोयोकान त्याच्या वडिलांचं, १९६८. बाप आणि मुलगा समोरासमोर नाही म्हणता येणार, पण एकाच आवारात.

ती लिपी इथे रोजच्या वापरात आहे हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. स्मशानात थडग्यामागे उंच लाकडी फळ्या उभ्या असतात ना, त्यांना सोतोबा म्हणतात, म्हणजे आपला स्तूप. त्यावर वरून खाली पाच अक्षरं असतात, ख ह र व अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. म्युझियमपासून यानाकाची दफनभूमी चालत पोचण्यासारखी आहे, बाबांचे पाय चालत असतील तर नक्की ने.

होर्युजीच्या इमारतीतला मुखवट्यांचा कक्ष रोज उघडा नसतो, वेळापत्रक बघ. त्यात गरुडाचा मुखवटा आहे, कारुरा, आणि एक बारामोन, म्हणजे ब्राह्मण! सातव्या-आठव्या शतकातल्या नाचाचे मुखवटे.

योकोहामाचे काका

*

आईसाठी: आत व्हीलचेअर मिळते, पैसे नाहीत, मागायला संकोच करू नका. आमच्या आईंनी नको नको म्हणत घेतली आणि मग सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच बघितलं. लिफ्ट सगळीकडे आहे. आणि जाताना शिनोबाझु तळ्यातलं बेन्झाइतेनचं देऊळ दाखवा, ती सरस्वतीच आहे, वीणेच्या जागी बिवा. आता कमळंही फुललेली असतील.

उरायासूची वहिनी

*

मंडळी, जाऊन आलो! उशिरा लिहितोय पण लिहायचंच होतं.

काकांचं ऐकलं, आधी होनकान. कोरिनची पेटी नव्हती पण दुसऱ्या एका पेटीसमोर आई थांबली, झाकणावर पाऊस होता, म्हणजे सोन्याच्या बारीक तिरप्या रेघा, आणि ती म्हणाली हे हाताने केलंय? मग व्हीलचेअरवरून वाकून काचेच्या बाजूने बघत बसली, की रेघ कुठे सुरू होते. आईला मी इतका वेळ एका वस्तूकडे बघताना कधी बघितलं नव्हतं.

तोयोकानच्या तळघरात गणपती सापडला, पण बाबांना जास्त आवडला तो नागावर बसलेला बुद्ध. बाबा म्हणाले हा मुचलिंद नाग, पावसात त्याने बुद्धावर फणा धरला होता. वेटोळ्यांवर बुद्ध गादीवर बसल्यासारखा आणि मागे फण्यांची छत्री. शेजारी एक जपानी आजोबा उभे होते, बाबांनी त्यांना मराठीतच सगळी गोष्ट सांगितली आणि ते पण मान हलवत होते, मला भाषांतर करायला लागलंच नाही.

होर्युजीच्या इमारतीत आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. अंधाऱ्या खोलीत छोट्या सोनेरी मूर्ती, प्रत्येकीला वेगळी काचेची पेटी, बहुतेक वीतभर-दीड वीत उंच, त्यामुळे चहूबाजूंनी फिरून बघता येतं. एका मूर्तीची पाठ अगदी साधी होती आणि तिथे सोनं उडून खालचा तांबूस धातू दिसत होता, बाबा म्हणाले पाठीवर सोनं कमी टिकतं का, की पुसताना तिथेच हात लागतो. उत्तर माझ्याकडे नव्हतं. दारातल्या उंच पताकेचं नाव मी वाचून दाखवलं, कानजोबान, अभिषेकाची पताका, तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं. ताडपत्र बाहेर नव्हतं. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले असू दे, आहे ना इथे.

आई थकली म्हणून वहिनींचं कमळाचं तळं दुसऱ्या दिवशी केलं, आणि त्याच दिवशी बाबांना घेऊन यानाकाला गेलो. नवीन लाकडाची एक फळी होती, शाई अजून काळीभोर. बाबांनी चष्मा वर केला, जवळ गेले, आणि बोटाने हवेत गिरवत सगळ्यात खालचं अक्षर आधी ओळखलं. अ. मग एकेक करत वर गेले. ह वर जरा अडले, मग तेही लागलं. तिथे झाडत असलेल्या काकूंनी थांबून बघितलं आणि वाकून नमस्कार केला, बाबांनी हात जोडले.

शुक्रवारी ते परत जातायत. काका, तुमचा नंबर बाबांना देऊ का? त्यांना त्या अक्षरमालेबद्दल विचारायचंय, किती अक्षरं आहेत आणि ळ आहे का.

निशी-कासाई