फिकट राखाडी अक्षरांबद्दल
अ‍ॅप किंवा वेबसाइटवर फिकट राखाडी अक्षरं वापरली की स्क्रीन स्वच्छ दिसते, असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष; त्यांच्या एए या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. उन्हात मोबाइल धरला की फिकट अक्षरं दिसेनाशीच होतात.

फॉर्म भरताना झालेली चूक दाखवायलाही रकान्याभोवती नुसती लाल चौकट पुरत नाही. रंगांधळेपण असलेल्यांना ती वेगळी जाणवेलच असं नाही. शेजारी चिन्ह द्या, काय चुकलं ते लिहा.

आणि बटणांची उंची कृपा करून रोमन अक्षरांवर बेतू नका. ‘पूर्ण करा’ टाकून बघा: वरचा रफार किंवा खालचा ऊकार हमखास कापला जातो. बटणांच्या कोपऱ्यांची गोलाई नंतर ठरवू.