महाविद्यालयीन नाटकाला श्रेयांक द्यावेत का?

तिसरी घंटा (धागाकर्ता)

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी पदवी रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत 2023-24 पासून, तर संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय) आणि चौथे वर्ष यांवर भरपूर बोलून झाले आहे, परंतु पहिल्या दोन वर्षांत सहअभ्यासक्रमीय उपक्रमांसाठी दर सत्राला जे 2 श्रेयांक (क्रेडिट) राखून ठेवले आहेत, त्यांच्याकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि योग यांच्या रांगेत येथे सांस्कृतिक उपक्रमही बसवले आहेत, आणि मुंबईत सांस्कृतिक उपक्रम म्हटले की पहिली आठवते ती एकांकिका.

माझा या तरतुदीला विरोध आहे. मुंबईची महाविद्यालयीन रंगभूमी वेळापत्रकाच्या बाहेर वाढली. आयएनटीच्या (इंडियन नॅशनल थिएटरच्या) आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी पावसाळ्यात सुरू होणाऱ्या तालमी असोत किंवा 25 जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा असो, तेथे पोहोचणारी मुले गुणांसाठी आलेली नसतात. गुण आले की अंतर्गत मूल्यमापन आले, मूल्यमापन आले की ते करणारे प्राध्यापक आले, आणि ज्यांच्या हाती या 2 श्रेयांकांचे 50 गुण आहेत त्यांना खटकणारी संहिता निवडण्याचे धाडस विशीतल्या मुलांनी करावे, अशी अपेक्षा धरणे भाबडेपणाचे ठरेल. नाटकाच्या सार्वजनिक प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, ही एक चाळणी पुरेशी आहे. दुसरी स्टाफरूममध्ये बसवण्याची गरज नाही.

कर्जत लोकल

आपण ज्या रंगभूमीचे वर्णन केले आहे ती माझ्या वाट्याला कधी आलीच नाही, म्हणून हे लिहीत आहे. मी मध्य रेल्वेच्या शेवटच्या टोकाकडून दादरच्या एका महाविद्यालयात येत असे. तालीम तास संपल्यावर सुरू होई आणि रंगात येई ती रात्री आठनंतर, म्हणजे मला घरी पोहोचण्यासाठी स्थानक गाठावे लागे तेव्हा. ज्यांची घरे दादर, माटुंगा, गिरगाव येथे होती ती मुले नट झाली, आणि आम्ही प्रेक्षक झालो. हौशीपणाचे गोडवे गाताना ही हौस कोणाला परवडत होती, हेही सांगायला हवे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. “नाटकाची तालीम आहे” असे सांगून परवानगी मिळणे आणि “हा विषय आहे, याचे श्रेयांक आहेत” असे सांगून परवानगी मिळणे, यांत आपल्याकडील असंख्य घरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. श्रेयांक दिल्यामुळे तो उपक्रम महाविद्यालयाच्या वेळेत भरवण्याची जबाबदारी संस्थेवर येते. अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत नसावी, असे 2020 च्या धोरणाच्या मसुद्यातच नव्हे, तर अंतिम दस्तऐवजात म्हटले आहे. इतर अनेक बाबतींत मी या धोरणाचा समर्थक नाही, परंतु हे वाक्य मला पटते.

शिवाय यात सर्वस्वी नवे असे काही नाही. एनएसएसच्या स्वयंसेवकांना वर्षाला 120 तासांच्या कामाच्या बदल्यात मुंबई विद्यापीठात 10 गुणांचा लाभ मिळत आला आहे. त्याने सेवाभाव आटला, असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानांवर नाही.

खडू आणि डस्टर

मी वाणिज्य शाखेत शिकवतो. आपण दोघेही नाटकाविषयी बोलत आहात आणि मला संख्येविषयी बोलायचे आहे, कारण अंमलबजावणी अखेर तेथेच अडते.

एक श्रेयांक म्हणजे 15 तास व्याख्यान किंवा 30 तास प्रात्यक्षिक. नाटक प्रात्यक्षिकात मोडते असे मानले, तर 2 श्रेयांकांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे 60 तास भरतात. आमच्यासारख्या महाविद्यालयात एकेका तुकडीत शंभरावर मुले असतात आणि अशा अनेक तुकड्या असतात. त्या सर्वांना सहअभ्यासक्रमीय श्रेयांक मिळवून द्यायचे आहेत. मात्र एकांकिकेच्या चमूत नेपथ्य, प्रकाश, संगीत धरूनही किती जण मावणार? उरलेल्यांसाठी काय होते ते सांगतो. एक ‘सांस्कृतिक उपक्रम’ नावाचा वर्ग भरतो, त्यात लोककलांवरचे सादरीकरण दाखवले जाते, मुले गुगलवरून चार पानांचा प्रकल्प उतरवतात, आणि सर्वांना 50 पैकी चाळीसच्या घरात गुण पडतात. शिकवणारा बहुधा ज्याचा कार्यभार कमी पडतो आहे असा प्राध्यापक असतो, मग त्याचा विषय लेखाशास्त्र असो की पर्यावरण. नाटक शिकवणाऱ्या तज्ज्ञाला तासिका तत्त्वावर बोलवायचे, तर त्याच्या मानधनाची तरतूद कोणत्या खात्यातून करायची, हे परिपत्रकात कोठे आहे?

विद्यापीठाच्याच कलिना संकुलात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, लोककला अकादमी आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्यांना जवळच्या महाविद्यालयांशी जोडून द्यावे, इतकी साधी गोष्ट झाली तरी या 2 श्रेयांकांना काही अर्थ येईल. तोपर्यंत मी ना धागाकर्त्यांच्या बाजूचा, ना कर्जत लोकल यांच्या.

तिसरी घंटा

कर्जत लोकल यांचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला “ज्याला करायचे असते तो वाट काढतो” असले उत्तर देणे मला शोभणार नाही. परंतु त्यांची अडचण वेळेची आहे आणि ती श्रेयांकांनी सुटतेच असे नाही. दुपारचे दोन तास आणि एक रिकामा वर्ग नाट्यमंडळाला देण्यासाठी कोणत्याही धोरणाची वाट पाहावी लागत नाही.

एनएसएसची तुलना मात्र मला मान्य नाही. तेथे केलेले काम तासांत मोजता येते. झाड लावले की लावले. अभिनयाला 50 पैकी 38 गुण कशाच्या आधारे द्यायचे? मालवणी बोलणाऱ्या मुलीला ‘शुद्ध’ उच्चार नाहीत म्हणून कमी गुण पडणार नाहीत, याची हमी कोण देणार? ज्या विद्यापीठाच्या कक्षेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येतात, तेथे ही भीती काल्पनिक नाही. म्हणून फार तर असे करावे: तास भरले की श्रेयांक मिळावेत, गुण वा श्रेणी देऊच नये, आणि संहितेच्या निवडीत मूल्यमापकाला मत नसावे.

कर्जत लोकल

गुण नकोत, हे मी मान्य करणार नाही. ज्या विषयाची श्रेणी सरासरीत धरली जात नाही, त्याचे वर्ग सर्वात आधी रद्द होतात आणि त्याची खोली सर्वात आधी काढून घेतली जाते. हे प्रत्येक महाविद्यालयात घडते. “रिकामा वर्ग द्या, धोरण कशाला” हे म्हणणे ऐकायला बरे आहे, पण तो वर्ग इतकी वर्षे कोणी दिला नाही, हेही खरे आहे.

मूल्यमापनाची शंका मात्र रास्त आहे, आणि तिचे उत्तर अभिनयाला गुण न देण्यात आहे. गुण द्यावेत ते तालमीच्या वहीला: संहितेत कोठे काय बदलले आणि का, प्रकाशयोजनेचा आराखडा, नेपथ्याचा खर्च, कोणता प्रवेश का कापला. ही वही विंगेत पडदा ओढणाऱ्या मुलाचीही तितकीच भरते जितकी नायकाची, आणि ती मालवणीत लिहिली तरी तपासता येते. खडू आणि डस्टर यांच्या शंभरावरच्या तुकडीतही प्रत्येक नाटकामागे वीस जणांना अशा वह्या ठेवता येतील. बाकीच्यांनी क्रीडा, योग, एनएसएस निवडावे. सर्वांना नाटकात कोंबा, असे धोरण कोठेही म्हणत नाही.

खडू आणि डस्टर

वहीची कल्पना मला चालेल. पण प्राथमिक फेऱ्या आणि सत्र परीक्षा एकाच सुमारास येतात, आणि अंतर्गत गुण त्याआधी भरून द्यायचे असतात. जी एकांकिका अजून रंगमंचावर गेलेली नाही, तिची वही मी कोणत्या तारखेला तपासू?