मुलीला अमेरिकेच्या अँथमच्या वेळी गुडघ्यावर बसायचंय, काय सांगू?

मृण्मयी_एनजे
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी पब्लिक हायस्कूलच्या व्हॉलीबॉल टीममध्ये आहे, जन्म इथलाच. इथे शाळेच्या साध्या मॅचलाही आधी अँथम वाजतं. परवा जेवताना म्हणाली, आई, पुढच्या होम मॅचला आम्ही चौघी गुडघ्यावर बसणार आहोत. टीममधल्या एका मैत्रिणीच्या भावाची गाडी पोलिसांनी अडवली, अर्धा तास रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा ठेवला, सापडलं काहीच नाही, पोरगा काळा आहे एवढंच कारण. त्यासाठी बसायचंय म्हणे.

माझ्या पोटात गोळाच आला. मी पुण्यात शिकलेली, जन गण मन सुरू झालं की जिन्यात असू तर जिन्यात, पाण्याच्या नळाशी असू तर तिथे, सावधान. आजही टीव्हीवर लागलं तरी हातातलं लाटणं ठेवून उभी राहते. त्यात आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डच्या रांगेत, उगाच कुणी काही काढलं तर? तिला नाही म्हणावंसं वाटतंय पण कारण नीट सांगता येत नाहीये, आणि ती म्हणते त्या गाण्याचाच इतिहास वाच, मग बोल. हा काय इतिहास आहे? आणि तुम्ही असता तर काय केलं असतं?

इतिहासवेडा
ताई, इतिहासाचं मी सांगतो. स्टार स्पँगल्ड बॅनर, म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रगीत, लिहिलं फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने, सप्टेंबर १८१४ मध्ये, अमेरिका आणि ब्रिटनचं युद्ध चालू असताना. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या एका डॉक्टरला सोडवायला तो गेला होता, आणि बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर रात्रभर तोफगोळे पडताना त्याला बोटीवरून बघत बसावं लागलं, सकाळी पाहतो तर किल्ल्यावर झेंडा अजून आहे, त्यावरून हे शब्द. चाल मात्र लंडनच्या एका क्लबच्या गाण्याची, म्हणजे ज्यांच्याशी लढाई चालली होती त्यांचीच.

वाद आहे तो तिसऱ्या कडव्याचा, जे कुठेच गात नाहीत. त्यात भाडोत्री सैनिक आणि गुलाम यांना पळून जायला जागा उरली नाही, थडगंच त्यांच्या नशिबी, अशा अर्थाची ओळ आहे. आता हे गुलाम कोण? त्या युद्धात ब्रिटिशांनी जाहीर केलं होतं की आमच्याकडे या, स्वतंत्र व्हाल. चेसापीकच्या किनाऱ्यावरून हजारो गुलाम माणसं बायकापोरांसकट पळाली आणि त्यातले काही पुरुष कलोनियल मरीन्स म्हणून ब्रिटिशांच्या बाजूने लढले. काही अभ्यासक म्हणतात ओळ त्यांच्याबद्दलच आहे, काही म्हणतात राजाच्या सगळ्याच प्रजेला हिणवायला तो शब्द वापरलाय. फ्रान्सिस स्कॉट की स्वतः गुलाम बाळगणारा होता यात मात्र काही वाद नाही, आणि पुढे वॉशिंग्टनचा सरकारी वकील झाल्यावर गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्या छापणाऱ्यांवर त्याने खटलेही चालवले.

आणखी एक, हे गाणं राष्ट्रगीत झालं थेट १९३१ साली. खेळाशी त्याची गाठ जास्त करून १९१८ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजमुळे पडली, पहिलं महायुद्ध चालू होतं, शिकागोतल्या मॅचच्या मध्यात बँडने वाजवलं आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक मॅचआधी वाजायचा रिवाजच झाला. आपल्याकडे रणजीच्या प्रत्येक मॅचआधी कुठे वाजतं जन गण मन?

पण मुलीला हेही सांगा की कॉलिन कॅपर्निक हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू २०१६ मध्ये अँथमच्या वेळी बसला तो तिसऱ्या कडव्यासाठी नाही. काळ्या लोकांवरचा अन्याय आणि पोलिसांच्या गोळ्या हेच कारण त्याने दिलं होतं. कडव्याची चर्चा त्यानंतर पेटली. दोन्ही गोष्टींची मिसळ केली की समोरचा कडव्यावरच भांडत बसतो आणि त्या मुलाच्या अडवलेल्या गाडीबद्दल कुणी बोलतच नाही.

सातारकर
मी विरुद्ध बाजूने लिहितोय, राग मानू नका. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आमच्या भावकीत घराआड एक फौजी. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी मी गावात आलेली पाहिलीय, त्या वेळी वाजणारं बिगूल अजून कानात आहे. राष्ट्रगीत कुणी लिहिलं, चाल कुठली, हे त्या पेटीपुढे मला कधीच महत्त्वाचं वाटलं नाही. ज्याने लिहिलं त्याचं ते राहतच नाही, त्यासाठी मेलेल्यांचं होतं. पोलिसांनी चूक केली तर पोलिसांविरुद्ध मोर्चा काढा, मी पण येईन, पण ती दीड दोन मिनिटं सोडा. अमेरिकेतल्या फौजींच्या घरच्यांनाही असंच वाटत असणार.

धावपट्टी
@सातारकर तुमचं मनापासून लिहिलेलं आहे म्हणून मनापासूनच उत्तर देतो. कॅपर्निक पहिल्यांदा बसला तो बाकावर. ते बघून नेट बॉयर नावाचा एक माजी सैनिक, ग्रीन बेरे म्हणजे अमेरिकन लष्कराच्या विशेष दलातला, अफगाणिस्तान आणि इराकमध्ये लढलेला, त्याने त्याला जाहीर पत्र लिहिलं की मला वाईट वाटलं पण तुझं ऐकायची तयारी आहे. दोघं भेटले. बाकावर बसण्यापेक्षा आपल्या सहकाऱ्यांच्या शेजारी एक गुडघा टेक, सैनिक आपल्या गेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे असाच गुडघा टेकतात, ही कल्पना त्या सैनिकाची. १ सप्टेंबर २०१६ ला सॅन डिएगोच्या मॅचला कॅपर्निक आणि त्याच्या टीमचा एरिक रीड गुडघ्यावर, आणि शेजारी बॉयर छातीवर हात ठेवून उभा. हा फोटो मुलीला दाखवाच. एकजण खाली, एकजण उभा, दोघांनाही एकमेकांचं कळलेलं.

आणि किंमत किती मोजावी लागते तेही दाखवा. कॅपर्निकला तो सीझन संपल्यावर एकाही टीमने घेतलं नाही, तेव्हा तो तिशीतही पोचला नव्हता. त्याच्या २० वर्षं आधी बास्केटबॉलमध्ये महमूद अब्दुल रौफ उभा राहीना म्हणून एका मॅचसाठी बाहेर काढला होता, मग मधला मार्ग निघाला की उभं राहायचं पण मान खाली घालून प्रार्थना करायची.

मला स्वतःला सगळ्यात हलवतं ते १९६८ चं मेक्सिको ऑलिम्पिक, २०० मीटर शर्यतीचा पदक समारंभ. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या अमेरिकन धावपटूंच्या काळ्या हातमोज्यांच्या मुठी सगळ्यांना माहीत असतात, पायात बूट नव्हते, नुसते काळे मोजे, गरिबी दाखवायला, हे कमी जणांना. कार्लोस स्वतःचे हातमोजे विसरला होता, म्हणून एकच जोडी दोघांत, एकाचा उजवा हात वर आणि एकाचा डावा. एकेक हातमोजा घाला हे सुचवलं दुसऱ्या नंबरवर आलेल्या पीटर नॉर्मनने, गोरा ऑस्ट्रेलियन. मूठ त्याने वर केली नाही, पण त्यांचा मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावून उभा राहिला आणि मायदेशात ते त्याला जड गेलं. २००६ मध्ये तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले. तिथल्या संसदेने माफी मागितली २०१२ मध्ये. तोवर माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्याच ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाची वेरा चास्लावस्का, जिम्नॅस्ट. दोनच महिन्यांपूर्वी रशियन रणगाडे तिच्या देशात घुसले होते. पदक समारंभात सोव्हिएत राष्ट्रगीत वाजताना तिने फक्त मान खाली घालून बाजूला वळवली. ना मूठ, ना गुडघा. तरी पुढे वर्षानुवर्षं तिला काम मिळू दिलं नाही.

बे_एरिया_काका
कायद्याचं थोडं. मी वकील नाही, पण माझ्याही पोराच्या वेळी हे सगळं वाचून काढलंय. १९४३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बार्नेट केसमध्ये ठरवलं की सरकारी शाळा मुलांना झेंड्याला सलामी द्यायची सक्ती करू शकत नाही, आणि ते सुद्धा महायुद्ध ऐन भरात असताना. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात एका हायस्कूलच्या खेळाडूला गुडघा टेकायला बंदी करणारा नियम आला तेव्हा फेडरल कोर्टाने तो लागू करायला मनाई केली. तुमची शाळा पब्लिक आहे, ही मोठी गोष्ट. प्रायव्हेट असती तर गणित वेगळं. मुलगी इथली नागरिक आहे. तुमच्या ग्रीन कार्डची काळजी मनातून जात नसेल तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका, इथे आम्ही कितीही सांगितलं तरी तुमची झोप परत येणार नाही.

आणि आपल्याकडेही झालंय हे. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढलं, जन गण मनच्या वेळी उभी राहायची पण धर्मामुळे गायची नाहीत. १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, नुसतं शांत उभं राहणं हा अपमान नाही म्हणून.

सातारकर
बॉयरचं मला माहीत नव्हतं. फोटो पाहिला. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणणार नाही, मी स्वतः उभाच राहीन. पण गुडघा टेकायचं ठरवायच्या आधी कॅपर्निकने एका सैनिकाला समोर बसवून ऐकलं, हे मला आवडलं. ताई, तुमच्या मुलीने पण टीममधल्या ज्या मुलीच्या घरी कोणी फौजेत असेल तिच्याशी आधी बोलावं, मॅचच्या दिवशी अचानक नको.

मृण्मयी_एनजे
सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला हे सगळं वाचून दाखवलं, तिला मराठी वाचता येत नाही पण समजतं. चास्लावस्काच्या इथे तिने मला थांबवलं आणि व्हिडिओ शोधून दोनदा बघितला. सातारकर दादा, तुमचं पेटीचं वाचताना माझाच आवाज बसला. टीममधल्या एकीची आई नेव्हीत आहे, त्या मुलीला लेकीने रात्रीच फोन केला, दार लावून तासभर बोलत होत्या, काय बोलल्या ते मी विचारलं नाही. कोचला आज सांगणार आहे.

मी नाही म्हणाले नाही. मी मात्र प्रेक्षकांत उभी राहणार, तसं तिला सांगितलंय, आणि तिने ठीक आहे म्हटलं. मॅच गुरुवारी सहाला आहे, ऑफिसमधून चारलाच निघतेय.