नकार, नोंद, निकाल: कर्नलच्या ट्रेस इव्हेंटमधले शब्द

प्रश्न: लिनक्स कर्नलमध्ये ५.१० पासून एसईलिनक्सचा (प्रोसेसला काय करता येईल ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) 'सिलिनक्स_ऑडिटेड' हा ट्रेस इव्हेंट (कोड ठरावीक जागी पोचला की उमटणारी खूण) आहे. त्यावर मराठी दस्तऐवज लिहायचा आहे. त्यातल्या 'डिनाइड' फील्डला मराठीत 'प्रवेश नाकारला' म्हटलं तर चालेल का? आणि इव्हेंटचंच नाव 'डिनाइड' का ठेवलं नाही?

प्रतिसाद: 'प्रवेश नाकारला' नको. वाचणाऱ्याला वाटेल प्रोसेसला अडवलं, आणि ते दर वेळी खरं नसतं. समजा, प्रोसेसने फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडायला घेतली. प्रत्येक परवानगीला एक बिट असतो: वाचण्याचा २, लिहिण्याचा ४, म्हणून रिक्वेस्टेड (काय मागितलं ते सांगणारं फील्ड) ६. पॉलिसीत (एसईलिनक्सच्या नियमांत) फक्त वाचण्याची मुभा असेल तर डिनाइड ४. म्हणजे मागितलेल्यापैकी पॉलिसीत न बसलेला तेवढाच भाग. प्रत्यक्ष अडवलं का, ते रिझल्ट हे फील्ड सांगतं. उणे १३ ('परवानगी नाही' हा एरर कोड) असेल तर अडवलं. परमिसिव्ह मोडमध्ये (यात नियम मोडला तरी अडवत नाहीत, फक्त नोंद होते) डिनाइड ४ च येतो, पण रिझल्ट ० असतो आणि फाइल उघडते. म्हणून डिनाइड म्हणजे 'नकार' आणि रिझल्ट म्हणजे 'निकाल' असं वेगळं ठेवा.

आणखी एक प्रतिसाद: 'ऑडिटेड' या फील्डचं 'तपासलेले' करू नका, कळकळीची विनंती. तपासणी प्रत्येक मागणीची होते. ऑडिटेडमध्ये फक्त नोंद करायचे बिट असतात. 'नोंद' हाच शब्द नेमका. इव्हेंटच्या नावाचं कारणही इथेच आहे. डोंटऑडिट नियम ('हा नकार नोंदू नका') लागू असेल तर प्रोसेसला उणे १३ मिळतो, पण ऑडिटेड शून्य राहतो आणि इव्हेंट उमटतच नाही. उलट ऑडिटअलाउ ('मंजुरीही नोंदा') असेल तर मंजूर झालेली मागणीही दिसते, डिनाइड ० घेऊन. 'डिनाइड' हे नाव दोन्ही बाजूंनी फसवं ठरलं असतं. मला हे नामकरण फार प्रामाणिक वाटतं.

प्रश्नकर्ता: पटलं. मग एसकॉन्टेक्स्ट, टीकॉन्टेक्स्ट, टीक्लास?

प्रतिसाद: व्याकरणासारखं बघा. एसकॉन्टेक्स्ट (मागणाऱ्याचं सुरक्षा लेबल) कर्ता, टीकॉन्टेक्स्ट (ज्यावर मागणी आहे त्याचं लेबल) कर्म, बिट ही क्रिया. टीक्लासला (ती वस्तू फाइल, प्रोसेस की आणखी काही, ते सांगणारं फील्ड) 'वर्ग' म्हणा, पण तो कधीही गाळू नका. फाइल वर्गात २ म्हणजे वाचणे, प्रोसेस वर्गात तोच २ म्हणजे ट्रान्झिशन (दुसऱ्या कॉन्टेक्स्टमध्ये जाणे). वर्ग नसेल तर आकडा मुका.

आणखी एक प्रतिसाद: 'ऑडिट लॉग असताना हा इव्हेंट कशाला' हेही दस्तऐवजात लिहा. लॉगच्या ओळीत पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि कमांडचं नाव मिळतं; ती मागणी कोडमधल्या कुठल्या फंक्शनमधून आली ते कळत नाही. पर्फ या लिनक्सच्या साधनाला हा इव्हेंट देऊन कॉलस्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी) मागितला की कळतं.